बाल्कनीतला झेंडू

प्रज्ञाला पानांचा वीट आला होता. पानं म्हणजे झाडांची, आणि तीही दुसऱ्यांच्या झाडांची. दुबईच्या देरा भागातल्या एका खतांच्या ट्रेडिंग कंपनीत ती ॲग्रोनॉमिस्ट होती. ग्रीनहाऊसवाल्यांनी पाठवलेले काकडी-टोमॅटोचे फोटो दिवसभर बघायचे, झाडाला काय कमी पडलंय ते सांगायचं आणि जाता जाता कंपनीचं खत त्यांच्या गळ्यात मारायचं, हे तिचं काम. ते आटोपलं की मराठी मंडळाचं सुरू. मंडळाच्या कुठल्याशा कोजागिरीला कुणीतरी माइकवरून सांगितलं होतं, "आपल्यात एक झाडांच्या डॉक्टर आहेत बरं का!" झालं. तेव्हापासून कुणाचा कढीपत्ता रुसला, कुणाच्या तुळशीवर काळे ठिपके आले, कुणाच्या मोगऱ्याने कळ्या गाळल्या, सगळं हिच्या फोनवर. नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि हो म्हणायला अंगात त्राण नव्हतं. राहायला शारजाला, नोकरी देऱ्यात, म्हणजे सकाळी जॅम, संध्याकाळी जॅम आणि मधे जो काही उरेल तो जन्म. नवरा तन्मय अबुधाबीच्या साइटवर, तो सुट्टीला यायचा आणि येऊन झोपायचा.

त्यात मंडळातल्याच विभावरीकाकूंची भर. काकू दुबईतच, अल बर्शाला मुलाकडे राहायच्या. मुलगा निनाद बँकेत, सून वैभवीही नोकरी करणारी, नात इरा शाळेत. निनादने दोन वर्षांमागे आईवडिलांना कायमचं इकडे आणलं, पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिला आणि म्हातारपणी आईबापांना एकटं सोडलं नाही या समाधानात कामाला लागला. चांगला मुलगा हो, नावं ठेवायला जागा नाही. पण काकूंचे यजमान राजाभाऊ इकडे आले आणि मिटले. उत्पादन शुल्क खात्यात इन्स्पेक्टर होते ते. हयात गेली धाडी घालण्यात आणि हातभट्ट्या फोडण्यात, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतला माणूस दचकावा. शारजात दारूबंदी आहे हे कळल्यावर म्हणाले होते, "वा! म्हणजे माझं खातं इथे तरी नीट चाललंय." तो त्यांचा इथला शेवटचा विनोद. पुढे बोलणं आटत गेलं. इराशी मराठीत काही बोलावं, तर ती "लेटर, आजोबा, आय हॅव होमवर्क" म्हणून खोलीत पसार. टीव्ही लावला तर टीव्ही बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघत बसायचे. अंघोळीलासुद्धा काकूंना मागे लागावं लागायचं.

आणि मग ती झाडं उगवली. गणपतीत राजाभाऊंची बहीण, कुंदावन्सं, राहायला आल्या होत्या. श्रावणात काशीला जाऊन आलेल्या, त्यामुळे येताना पर्समधून महादेवाचा अंगारा, प्रसाद आणि निर्माल्याची एक पुडी घेऊन आल्या. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पुण्यात नदी तरी होती, इथे काय करणार? काकूंनी इथल्या सगळ्या बायका करतात तेच केलं. पुडीतली वाळकी फुलं-पानं चुरून बाल्कनीतल्या लांबड्या कुंडीत मातीआड केली. झेंडू होता त्यात, उगवला तर उगवला. तर एका सकाळी राजाभाऊ बाल्कनीतून आत आले आणि म्हणाले, "कोंब आलेत." हे फोनवर सांगताना काकू रडल्या होत्या. कितीतरी दिवसांनी नवरा न विचारता काही बोलला होता.

पुढचं सगळं प्रज्ञाच्या फोनवर झालं. काकू फोटो पाठवायच्या तो तळहातावर ठेवलेल्या पानाचा, तोही अर्ध्यामुर्ध्या पानाचा. डॉक्टरला दुखणं जवळून दाखवायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. पहिल्यांदा खालची पानं सरसकट पिवळी पडलेली. प्रज्ञाने जॅममध्ये बसल्या बसल्या लिहिलं, नायट्रोजन कमी आहे, पाण्यात विरघळणारं खत चिमूटभर द्या. पानं हिरवी झाली. मग शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असं पान आलं. हे तर ती झोपेतही ओळखेल. इथलं पाणी समुद्राचं, खारटपणा काढलेलं, आणि त्या काढण्यात मॅग्नेशियमही जातं. "काकू, फार्मसीत एप्सम सॉल्ट मिळेल. पाण्यात विरघळवून पानांवर फवारा, पण ऊन उतरल्यावर." मग दिवस लहान झाले, हवा जरा बरी झाली आणि काकूंनी कळवलं की कळ्या धरताहेत बहुतेक, पण पानांच्या कडा करपल्या. फुलावर आलेलं झाड पोटॅश मागतं. प्रज्ञाने नायट्रोजन बंद करायला लावला, आधी साधं पाणी भरपूर ओतून कुंडीत साचलेले क्षार धुऊन काढायला सांगितले, मग पोटॅश. नव्या पानांवर तांबूस ठिपके दिसले तेव्हा कॅल्शियम. झाडं प्रत्येक वेळी तरारून उठली.

प्रत्येक फोटोखाली काकूंची एक ओळ असायचीच. "आज हे तीनदा बाल्कनीत गेले." "आज स्वतःहून दाढी केली." "फवारणी करताना इराला हाक मारली, ती आलीसुद्धा." प्रज्ञा पानाचं उत्तर लिहायची आणि त्या ओळीला हात जोडलेलं चित्र टाकून मोकळी व्हायची. दमलेला माणूस आणखी काय करणार? तिच्या धंद्यातला पहिला नियम होता, पूर्ण झाड बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. या एका गोष्टीवरून ती शेतमालकांना झाप झाप झापायची. काकूंना मात्र तिने एकदाही पूर्ण झाड दाखवा म्हटलं नाही. झेंडूच तर आहे, त्यात बघायचंय काय?

शनिवारी तिचं अर्धा दिवस ऑफिस असायचं. त्या शनिवारी ती हमदुल्लाच्या गाडीत बसली होती. हमदुल्ला रत्नागिरीकडचा. शारजाहून देऱ्याला चार माणसं सोडायची, संध्याकाळी परत आणायची, अशी त्याची कारलिफ्ट. शनिवार म्हणून गाडीत ही एकटीच. डोळे मिटून जरा पडावं म्हणतेय, तोच फोन वाजला. काकूंचा व्हिडिओ.

राजाभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कनीत उभे होते आणि झाडं त्यांच्या छातीला लागली होती. मागून काकूंचा आवाज: "बघ ग प्रज्ञा, किती वाढलेत तुझे झेंडू! फुलं मात्र अजून हिरवीच, केसाळ, आणि हाताला चिकटतात बघ. आणि वास म्हणजे काय विचारू नकोस! खालच्या मजल्यावरून तक्रार गेलीय म्हणे. आज जेवणानंतर बिल्डिंगचा मेंटेनन्सवाला बघायला येणार आहे. वास कमी व्हायला काही फवारू का ग?"

प्रज्ञाने व्हिडिओ थांबवला आणि मोठा करून पाहिला. पंजा उघडल्यासारखी पानं. शेंड्यांना गच्च तुरे, त्यांवर पांढरे-तांबूस केस. झेंडू कसला डोंबलाचा! गांजा होता तो. फुलावर आलेला, पोटॅश खाऊन माजलेला गांजा, अल बर्शाच्या चौथ्या मजल्यावर, रस्त्यावरून मान वर केली तर दिसेल असा. महादेवाला भांग, म्हणजे याच झाडाचा पाला, वाहतात, हे तिला आत्ता आठवलं. म्हणजे त्या पुडीत झेंडूबरोबर तीही होती, बियांसकट, आणि कुंदावन्सं ती पर्समध्ये घालून विमानतळावरून ठुमकत बाहेर आल्या होत्या. उगवलं ते देवाच्या कृपेने असेल, पण वाढवलं कुणी? हिने. कधी काय घाला, किती घाला, सगळं हिच्या फोनवर हिच्या हातचं लिहिलेलं.

"हमदुल्लाभाई," ती म्हणाली, "इथे कुणाकडे गांजा सापडला तर काय होतं हो?"

हमदुल्लाने आरशातून तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं आता गाडी ठोकतो. "अल्ला! सकाळ सकाळ कसले सवाल विचारतेस गो बाय? ते नाव पण नको घेऊ गाडीत. आमच्या शेजारच्या गावचा एक पोरगा, लोक म्हणतात एवढीशी पुडी होती. आत गेला. आई मेली, माती द्यायला पण नाय जाता आलं. सुटला तेव्हा थेट विमानात घातला, खलास. त्याच्याबरोबर खोलीत राहायचे, त्यांच्या पण नोकऱ्या गेल्या." थोडं पुढे गेल्यावर त्याने पुन्हा आरशात पाहिलं. "कोण आहे तुझ्या वळखीतला?"

"कुणी नाही. मला मेट्रोला सोडा. ऑफिसला नाही जात."

"तब्येत बरी नाय?"

"नाही," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

काकूंना तिने एवढंच लिहिलं, "काही फवारू नका. मी येतेय." फोन करून सांगणार तरी काय? बॉसला पोट बिघडल्याचं कळवलं. मेट्रोत दाराशी उभं राहून ती काकूंना पाठवलेले मेसेज एकेक करून पुसत गेली. पोटॅश वाढवा. फुलं मोठी होतील. शाबास काका. पण पुसून काय होतं, काकूंच्या फोनवर आहेच की सगळं. डब्यात एक पोलीस चढला तेव्हा ती उगीचच खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसली. भीती होतीच. पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी तिला खात होतं. झाडं आज उपटायची, त्याला इलाज नाही. ती गेली की राजाभाऊ पुन्हा बंद टीव्हीसमोर बसणार. काकूंना नवरा कुठे नुकता परत मिळाला होता, आणि तो परत काढून घ्यायला ही निघाली होती. कुणीतरी दुसऱ्याने जावं आणि आपण घरी जाऊन झोपावं, असं तिला मनापासून वाटलं. दुसरं कुणी नव्हतं.

काकूंनी दार उघडलं ते हसतच. "अग बाई, स्वतः आलीस? बरं झालं. निनाद-वैभवी इराला घेऊन पोहण्याच्या स्पर्धेला गेलेत, आम्ही दोघंच आहोत. चहा टाकते."

"चहा नको. काकू, आत चला आधी." तिने त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि दबक्या आवाजात एका दमात सगळं सांगून टाकलं.

काकूंना आधी कळलंच नाही. मग कळलं, पण पटलं नाही. "काहीतरीच काय! अग, महादेवाचं निर्माल्य आहे ते." मग पटलं, तेव्हा त्या ओट्याला धरून खाली बसल्या. "निनादला पकडतील?"

"कुणाला काही कळायच्या आत काढून टाकायचं. मेंटेनन्सवाला यायच्या आत. उठा, बादली काढा. आणि तव्यावर हिंग जाळा, भरपूर. वास दाबायला हवा."

काकू उठल्या, हिंगाची डबी काढली आणि ती हातात तशीच धरून उभ्या राहिल्या. "यांना कोण सांगणार ग?" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "रोज सकाळी उठल्या उठल्या तिथे जातात. मला वाटलं होतं, सुटलो आता."

सांगावं लागलं नाही. राजाभाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी एकदा प्रज्ञाकडे बघितलं, एकदा काकूंकडे, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि बाल्कनीकडे वळले. रागावले नाहीत, काय झालं म्हणून विचारलं नाही. पहिलं झाड त्यांनी बुडाशी धरून उपटलं आणि प्रज्ञाच्या हातात दिलं.

प्रज्ञा ते घेऊन बाथरूममध्ये आली. बादली भरली होती, शेजारी ब्लीचची बाटली. काकू झाडाकडे बघून मागे सरल्या. "असं कसं ग टाकायचं? निर्माल्यातून आलंय."

"काकू, गणपतीचं विसर्जनसुद्धा आपण इथे बादलीतच करतो ना? तसंच समजा."

हे मात्र काकूंना पटलं. त्यांनी कात्रीने झाडाचे तुकडे केले, बादलीत सोडले, पाण्याला हात लावून नमस्कार केला आणि सवयीने तोंडातून निघालं, "पुढच्या वर्षी लव—"

"काकू!" प्रज्ञाने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. दोघींनाही हसू फुटलं, तेही नको तितकं. काकू भिंतीला टेकून हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. पुसता पुसता त्यांचं हसणं कधी थांबलं ते कळलंही नाही.

प्रज्ञा बाल्कनीत परत आली, तेव्हा राजाभाऊंनी उरलेली सगळी झाडं उपटली होती. तेवढीच नाही. मुळांची माती आपटून झाडली होती, खोडं मधोमध मोडून एकावर एक घडी घातली होती आणि एका खोडाची साल सोलून तिनेच मोळी आवळली होती. हे काम बघून शिकल्यासारखं नव्हतं, हाताला ठाऊक असल्यासारखं होतं. तिला ते इन्स्पेक्टर होते ते आठवलं, आणि हयातभर त्यांनी नुसत्या दारूच्या भट्ट्याच फोडल्या असतील असं आपण का धरून चाललो, तेही कळेना.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

राजाभाऊंनी हात झटकले. "कोंबाला चार पानं फुटली तेव्हापासून. तुरीच्या ओळीत लपवून लावायचे लोक. कपाशीत लावायचे. बांधावर उभा राहून नुसत्या हिरव्या रंगावरून सांगायचो मी, कुठे आहे ते." आवाज इन्स्पेक्टरचा होता. प्रज्ञाने तो आज पहिल्यांदा ऐकला.

"मग बोलला का नाहीत? इथे काय करतात माहितीय ना?"

"डिपोर्ट करतात." एखाद्या गावाचं नाव घ्यावं तसा त्यांनी तो शब्द उच्चारला.

प्रज्ञाला वाटलं होतं, त्या झाडांमुळे म्हातारा माणूस जगायला लागला. तसं होतंही. पण कशासाठी, ते आत्ता कळत होतं. "आधी जेल, काका! वर्षानुवर्षं!"

"माझ्या वयाच्या माणसाला किती दिवस ठेवतील? झाडं माझी, मीच लावली, घरात कुणाला ठाऊक नाही, असा जबाब देणार होतो. जबाब कसा द्यायचा ते मला कुणी शिकवायला नको."

"घर निनादच्या नावावर. तुमचा व्हिसा निनादने काढलेला. त्याची नोकरी गेली असती, इराची शाळा गेली असती. काकूंना नेलं असतं चौकशीला. एवढं तुमच्यासारख्याला कळलं नाही?" तिचा आवाज चढला होता. वडिलांच्या वयाच्या माणसाशी ती असं कधी बोलली नव्हती.

राजाभाऊ वेताच्या खुर्चीवर बसले. "कळत होतं," ते म्हणाले. "पण मनात येऊ देत नव्हतो. दिवसातून दहा वेळा वाटायचं, उपटून टाकावं. मग वाटायचं, आणखी आठवडाभर बघू."

"सरळ सांगायचं ना, मला घरी जायचंय म्हणून!"

"कुणाला सांगू? पोरगा एवढं करतो, त्याला? ही नातीत रमलीय, हिला? सगळे एकच विचारतील, इथे तुम्हाला काय कमी आहे? एसी आहे, गाडी आहे, डॉक्टर आहे." त्यांनी आपल्या मातीने भरलेल्या तळव्यांकडे पाहिलं. "काय कमी आहे ते मला सांगता येत नाही ग, पोरी. तू पान बघून सांगतेस. माझं कुणी बघितलं?"

रोज फोटोखाली येणाऱ्या त्या ओळी प्रज्ञाला आठवल्या आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मान वर केली तर बाल्कनीच्या दारात काकू उभ्या होत्या, हातात दुसरी, रिकामी बादली. त्यांनी किती ऐकलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सगळं ऐकलं होतं.

आणि बेल वाजली.

सगळ्यांत आधी हलले ते राजाभाऊ. हात तसेच मातीचे, गुडघ्यावर पालापाचोळा, आणि दाराकडे चालू लागले ते अगदी ताठ. जबाब द्यायला निघालेल्या माणसाची चाल होती ती. मोळी अजून बाल्कनीत पडली होती. प्रज्ञाने झडप घालून ती काकूंच्या बादलीत कोंबली, बादली बाथरूममध्ये नेऊन ठेवली आणि दार ओढून त्याला पाठ लावून उभी राहिली. दुसरं काही सुचलं नाही. स्वयंपाकघरातून हिंगाचा इतका धूर येत होता की डोळे चुरचुरत होते.

राजाभाऊंनी दार उघडलं. गणवेशातला तरुण मेंटेनन्सवाला अदबीने म्हणाला, "गुड आफ्टरनून अंकल. स्मेल का कम्प्लेंट है. नीचे वाला मॅडम बोला. आपका बाल्कनी से आता है?"

चौकटीला हात लावून राजाभाऊ त्याच्याकडे बघत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. प्रज्ञाला ते त्यांच्या ओठांवर आलेलं दिसत होतं.

तेव्हा काकू मागून आल्या. नवऱ्याला भाजी आणायची आठवण करावी तशा रोजच्या आवाजात त्या मराठीत म्हणाल्या, "आपण पुण्याला जाऊ. दोघं. परत यायचं नाही. आज संध्याकाळी निनाद आला की मी सांगते त्याला, तुम्हाला एक शब्द बोलावा लागणार नाही. फक्त आत्ता या मुलाला काही सांगू नका. ऐकलंत का?"

मेंटेनन्सवाला काही न कळून हसला. राजाभाऊंनी वळून बायकोकडे बघितलं. मग त्यांनी चौकटीवरचा हात काढला.

"हिंग है," ते म्हणाले. "हमारी मॅडम जलाती है. रोज."

तो पोरगा आत आला, नाक मुरडत बाल्कनीत डोकावला. लांबड्या कुंडीत उकरलेली माती होती आणि एका कोपऱ्यात वीतभर उंचीचं, फिकट, मरतुकडं रोप. इतके दिवस मोठ्या झाडांनी त्याच्या वाटचं सगळं खाल्लं होतं.

"ये क्या है अंकल?"

राजाभाऊंनी वाकून बघितलं. मग प्रज्ञाकडे बघितलं. ती पुढे झाली, पान चुरगळून नाकाशी नेलं आणि या वेळी पूर्ण रोप मुळापासून शेंड्यापर्यंत नीट बघून मगच बोलली. "गेंदा है." झेंडूच होता तो.

"प्लीज मॅम, हिंग थोडा कम," असं सांगून तो गेला. दार लागलं आणि तिघंही होते तिथेच बसले. काकू चपलांच्या कपाटावर, प्रज्ञा जमिनीवर, राजाभाऊ सोफ्याच्या हातावर.

काकू म्हणाल्या, "इराची परीक्षा झाली की लगेच निघू."

राजाभाऊंनी नुसती मान हलवली. पण ती कशी हलवली ते काकूंनी बघितलं. आज बहुधा पहिल्यांदाच नीट बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. नातीचं नाव घेतलं की त्यांचं काळीज हलायचं, ते सगळ्या मंडळाला ठाऊक होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "परीक्षेच्या आधीच जाऊ."

दोन्ही बादल्या निस्तरून, बाल्कनी धुऊन, काकूंच्या फोनमधले सगळे फोटो आणि मेसेज पुसून प्रज्ञा निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. राजाभाऊंनी ते रोप खोदून एका आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बसवलं होतं. ते त्यांनी दारात तिच्या हातात दिलं.

"हे तू घेऊन जा," ते म्हणाले. "आम्ही नसू आता पाणी घालायला."

चेहरा दमलेला होता, पण बोलणं मोठ्याने होतं. लिफ्टपाशी उभ्या असलेल्या शेजाऱ्याने वळून पाहिलं.